चार दिवसांसाठी ठेवलेला मुलगा

ताराबाई बालकाश्रम
पंधरावा क्रॉस, मल्लेश्वरम, बंगळूर
६ जानेवारी १९९४

श्री. विलास खंडोजी नलवडे, गडहिंग्लज, यांस
स. न. वि. वि.

मी या आश्रमाची मानद चिटणीस. आपली ओळख नाही, पण काम तुमच्याच घरचं आहे.

तुमचे वडील खंडोजी नलवडे यांनी कृष्णात दत्तू भोपळे नावाचा मुलगा आमच्या आश्रमात ठेवला आहे. ठेवताना त्यांनी रजिस्टरात स्वतःच्या हाताने 'चार दिवसांत येऊन घेऊन जातो' असं लिहून सही केली आहे. ते चार दिवस उलटून गेले आहेत.

आश्रम आता बंद होतोय. देवाच्या दयेने इकडे मुलं यायचीच थांबली. उलट बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शाळांना शिक्षक मिळत नाहीत अशी ओरड आहे, म्हणून विश्वस्तांनी या इमारतीत अध्यापक विद्यालय काढायचं ठरवलंय. मार्चअखेर शिक्षण खात्याची समिती पाहणीला येईल. पण आश्रमाच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय, शेवटचं मूल घरी गेल्याशिवाय इमारत दुसऱ्या कामाला वापरायची नाही. बाकीची सगळी गेली. कृष्णात तेवढा उरलाय.

त्याला दुसऱ्या कुणाकडे देताही येत नाही. कारण तो अनाथ म्हणून नोंदलेलाच नाही, 'तात्पुरता ठेवलेला' या रकान्यात आहे. असं मूल ठेवणाऱ्याने किंवा त्याच्या वारसाने येऊनच न्यायचं, असा नियम. तुमचा पत्ता शोधायला मला पाच महिने लागले.

मुलगा गुणी आहे. पानात पडेल ते खातो. गूळ जास्त आवडतो. पालीला भितो. सकाळची घंटा तोच वाजवतो, एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. तरी पंधरा मार्चच्या आत येऊन त्याला घेऊन जावं.

आपली,
प्रमोदिनी सवणूर

◆

गडहिंग्लज
१७ जानेवारी १९९४

मा. चिटणीसबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र आगारात मिळालं. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक आहे. पत्र वाचून मी बाकावर जो बसलो तो बसलोच, दोन गाड्या माझ्या सहीवाचून खोळंबल्या.

बाई, आमचे तात्या जाऊन सात वर्षं झाली. त्यांच्यासमोर गल्लीत कुणी विडी पेटवत नव्हतं, एवढा दरारा. मिलिटरीतून रिटायर झाल्यावर दरसाल दिवाळीनंतर पेन्शनच्या कामाला म्हणून बंगळूरला जायचे आणि जाताना गुळाची एक ढेप न्यायचे. आई विचारायची, पेन्शनच्या ऑफिसात गूळ कशाला? तर म्हणायचे, साहेबाला आवडतो. आता कळलं साहेब कोण ते! आडनाव भोपळे लावलं म्हणून काय झालं? एवढं न कळायला मी खुळा नाही. उतारवयात तात्यांनी हे काय... जाऊ दे. पोटचा पोर म्हणून पुढचं लिहायला माझा हात धजत नाही.

आमचा ह्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. पत्रव्यवहार इथेच थांबवावा.

विलास नलवडे

ता. क. मुलगा कितवीत आहे, मराठी बोलतो का, आणि दिसायला कसा आहे, असं आमच्या मंडळी विचारतायत. मी विचारत नाही.

◆

मल्लेश्वरम
२९ जानेवारी १९९४

श्री. विलास यांस,
स. न. वि. वि.

अय्यो, आधी मनातली जळमटं काढा! तुमचे वडील देवमाणूस. कृष्णात त्यांच्या पलटणीतल्या सोबत्याचा मुलगा. आईबाप दोघंही नाहीत. तुमच्या वडिलांनी सोबत्याला शब्द दिला होता की पोराला मी बघीन, एवढीच गोष्ट.

तुमच्या मंडळींना सांगा, इयत्ता तिसरी. मागे नापास झालाय, ते लपवत नाही. मराठी चांगलं बोलतो, कानडीही. रंग सावळा, डोळे मोठे. दोन दात पडलेत. वाढ उत्तम आहे. हट्ट करत नाही. काही दिलं की आधी विचारतो, 'हे माझंच का?'

त्याला मी सांगितलंय की तुला न्यायला येणारेत. तेव्हापासून रोज विचारतो, कुठल्या गाडीने.

प्रमोदिनी सवणूर

◆

गडहिंग्लज
२० फेब्रुवारी १९९४

ती. प्रमोदिनीअक्का यांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तोंडाला येईल ते लिहिलं, त्याची माफी असावी.

अक्का, आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. डॉक्टर झाले, देव झाले, कोल्हापूर-मिरज झालं. मग आम्ही तो विषय काढायचा बंद केला. तुमचं दुसरं पत्र मी चंपाला वाचून दाखवलं. 'हे माझंच का' इथे ती उठून आत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली ती पदर खोचूनच, आणि माळ्यावरची अडगळ काढायला लागली.

आता ऐका. पाटी आणली, डब्यासकट दप्तर आणलं, आणि मी नको नको म्हणत असताना लाल रंगाची तीनचाकी सायकल आणली. मी म्हटलं, अगं तिसरीतला पोरगा तीनचाकीवर बसेल का? म्हणाली, बसू दे नाहीतर न बसू दे, दारात उभी असावी. पाली मारायला तिने केरसुणी वेगळी ठेवलीय. शाळेच्या हेडमास्तरांशी बोलून आलोय, चौथीत घेतो म्हणालेत, फक्त जन्मतारीख पाहिजे.

तर जन्मतारीख कळवा. आणि छातीचं, कमरेचं माप कळवा. चंपाला शर्ट-चड्डी शिवून आणायचीय, पोराला आमच्या घरच्या कपड्यात आणायचं म्हणते.

अक्का, मला फार आनंद झालाय. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिलं.

आपला,
विलास

◆

मल्लेश्वरम
२ मार्च १९९४

चि. विलास यास,
अनेक आशीर्वाद.

माप खालीलप्रमाणे. छाती बेचाळीस. कंबर चाळीस. खांदे स्वल्प उतरते आहेत, शिंप्याला सांगावं.

जन्मतारीख रजिस्टरात नाही. पण १९४१ साली ठेवला तेव्हा 'वय अंदाजे चार' अशी नोंद आहे.

आता तू बसला असशील तर पुढे वाच.

दत्तू भोपळे आफ्रिकेतल्या लढाईत गेला. तुझे वडील तेव्हा इथे छावणीत होते. पोराला ठेवून गेले, चार दिवसांत पलटण हलली. मग लढाई, मग बदल्या, मग तुमचं घर-संसार. घरी सांगायचा धीर झाला नसावा. पण दरसाल यायचे, गूळ द्यायचे, म्हणायचे, 'पुढच्या खेपेला नेतो हं.' शेवटचे १९८६ साली आले.

मी इथे शिकवायला आले तेव्हा कृष्णात माझ्यापेक्षा उंच होता आणि तिसरीत होता. आश्रमाची शाळा तिसरीपर्यंतच. तिसरी पास झालं की मूल घरी नाहीतर दुसऱ्या संस्थेत जायचं. कृष्णातला न्यायला येणार होते, म्हणून त्याला पास करायचं नाही असं ठरलं. नोकरीवर ठेवावा तर मुलांना कामाला लावायची बंदी. दसऱ्याला दर मुलामागे दोन खाकी अर्ध्या चड्ड्या द्यायचा नियम आहे, आमचा शिंपी अजून मुकाट्याने शिवतो. लग्नाचं विचारलं तर म्हणाला, 'आज ना उद्या घरी जायचंय, मग घरचे ठरवतील.'

मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. पण खरं वय लिहिलं असतं, तर तू उत्तर तरी पाठवलं असतंस का? माझं चुकलं. चंपाला सांग, त्या सायकलीचं वाचून मी दोन दिवस जेवले नाही.

प्रमोदिनीअक्का

◆

गडहिंग्लज
१४ मार्च १९९४

प्रमोदिनीबाई,

तुमचं पत्र मी फाडलं. चंपाने तुकडे गोळा करून जोडले, म्हणून उत्तर देतोय.

आमच्या आगारात गाडीत सापडलेल्या वस्तूंचं कपाट माझ्याकडे आहे. साधी छत्री असली तरी आम्ही लिहितो, 'काळी, दांडा मोडका.' तुम्ही छत्री छान आहे लिहिलंत आणि दांडा लपवलात. शिकलेल्या बाईने असं करायचं?

माझं वय बेचाळीस. सत्तावन्न वर्षांचा मुलगा मी कुठल्या शाळेत घालू? हेडमास्तर दिसले की मी रस्ता बदलतो. चंपा बोलत नाही. सायकल दारातच आहे, आत घ्यायला ती देत नाही आणि परत द्यायलाही देत नाही.

मी येणार नाही.

विलास नलवडे

◆

मल्लेश्वरम
३० मार्च १९९४

चि. विलास यास,
आशीर्वाद.

रागावलास ते बरोबरच आहे. पण परवा जे झालं ते कळवणं माझं कर्तव्य.

समिती आली, तीन माणसं. इमारत पाहिली, वर्गातले फळे पाहिले, गुणतक्ते पाहिले. आमचे अध्यक्ष अजित वाकणीस घाम पुसत मागेमागे. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "सराव पाठ कुणाला देणार? अध्यापक विद्यालयाला सराव शाळा लागते. तुमची मुलं कुठायत?"

बघ आता! मुलं असतील तर आश्रम, मग विद्यालय नाही. मुलं नसतील तर सराव शाळा नाही, मग विद्यालय नाही. वाकणीसांनी गांगरून हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी पानं उलटली. शेवटच्या पानांवर एकच नाव. त्रेपन्न वर्षांत एक दिवस गैरहजर नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अशी हजेरी मी नोकरीत पाहिली नाही. मुलाला बोलवा."

कृष्णात आला. अर्धी चड्डी, पांढरा शर्ट, केस पिकलेले, नमस्कार करून पहिल्या बाकावर बसला. विद्यालयात पहिलं नाव नोंदवलेली मुग्धा म्हणून मुलगी आहे, तिला पाठ द्यायला उभं केलं. विषय मधमाशी. ती थेट मधाच्या पोळ्यावरच सुरू झाली. कृष्णातनेच हळूच सांगितलं, "बाई, आधी फळ्यावर तारीख." मग सगळी उत्तरं हात वर करून दिली.

शेवटी साहेबांनी त्याला विचारलं, "बाळ, मोठा झाल्यावर कोण होणार?"

कृष्णातने पुष्कळ विचार केला. म्हणाला, "सर, ते न्यायला येणाऱ्यांना विचारून सांगतो."

समितीने शेरा लिहिला, 'चाळीस शिकाऊ शिक्षकांमागे एक विद्यार्थी, असं वैयक्तिक लक्ष राज्यात अन्यत्र नाही.' आश्रम सराव शाळा म्हणून चालू ठेवावा, म्हणजे घटनाही मोडत नाही, आणि मंजुरी दिली. अट एकच, सराव शाळेची पटसंख्या कमी होता कामा नये.

म्हणजे कृष्णातला नेऊन चालणारच नाही. तू सुटलास. हे लिहायला मला आनंद व्हायला हवा होता.

पण मी त्याला सांगून बसले होते ना, की पंधरा मार्चच्या आत येतील. तारीख गेली. तो रोज सकाळची घंटा वाजवतो आणि फाटकाशी ट्रंक ठेवून तिच्यावर बसतो. समितीपुढेही त्याला तिथूनच उठवून आणावं लागलं. मी म्हटलं, अरे, आता नाही यायचे ते. तर म्हणतो, "गाडी चुकली असेल."

दहा एप्रिलला उन्हाळी सुट्टी लागते. पूर्वी सुट्टी लागली की पोरांना न्यायला माणसं यायची, आणि सगळ्यांच्या ट्रंका टांग्यात कृष्णात चढवायचा. रजिस्टरात 'सुट्टीसाठी घरी' असा एक रकाना आहे. त्याच्या नावापुढे तो त्रेपन्न वर्षं कोरा आहे. सुट्टीत नेलं तर पट कमी होत नाही.

मी काही मागत नाहीये. नियम काय आहे तेवढा सांगितला.

प्रमोदिनीअक्का

◆

गडहिंग्लज
१८ मे १९९४

ती. अक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून चंपाने एवढंच विचारलं, "रजा टाकता का मी एकटी जाऊ?" पुढचं तुम्ही पाहिलंतच. फाटकाशी आम्ही रिक्षातून उतरलो तर हा उठून उभा राहिला. ओळख ना पाळख, म्हणाला, "गाडी लेट झाली का?" मी आयुष्यभर एस.टी.च्या गाड्यांच्या वेळा सांगितल्या, पण त्या दिवशी उत्तर द्यायचं सोडून मी त्याची ट्रंक उचलायला वाकलो.

आता इकडचं ऐका. ट्रंक त्याने कुणाला उचलू दिली नाही. घरी आल्यावर चंपाने उघडली. आत चार वर्षांच्या पोराचं एक टोपडं, आणि गुळाच्या ढेपेवरचे कागद. घडी घालून, एकावर एक, तात्यांच्या प्रत्येक खेपेचा एक. भिंतीवर तात्यांचा फोटो बघून म्हणाला, "हे गुळाचे काका. पुढच्या खेपेला येतो म्हणाले होते." मी त्याला सांगितलं, तात्या गेले. त्याने फोटोची काच शर्टाच्या बाहीने पुसली. मग मलाच समजावत म्हणाला, "म्हणून तुम्ही आलात होय. बरं केलंत." अक्का, तात्या गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, मोठा मुलगा म्हणून. ते सगळं त्या दिवशी निघालं.

तो चंपाला काकू म्हणतो आणि मला काका. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस 'काका, बाहेर खेळायला जाऊ?' विचारतो तेव्हा गल्लीतली माणसं माझ्याकडे बघतात. बघू देत की! सायकलीचं म्हणाल तर तो तिच्यावर गल्लीतल्या बारक्या पोरांना बसवतो आणि पाठीमागून ढकलतो. दारात रांग लागते. चंपा ओरडते, जेवायला चल, आणि तिचा आवाज मला सोळा वर्षांत पहिल्यांदा असा ऐकू येतोय. बेचाळीस छातीचा शर्ट शिवलाय. घालून त्याने विचारलंच, "हे माझंच का?"

पाली घरात दोन होत्या. चंपाने निकाल लावला.

एकच सांगायचं होतं. मी त्याला म्हटलं, आता इथेच राहा, खड्ड्यात गेली ती पटसंख्या. तर तो घाबरला. म्हणाला, "काका, सहा जूनला शाळा उघडते. घंटा कोण वाजवणार?" मग लक्षात आलं. त्याला आश्रम सोडायचा नव्हताच. बाकीच्या पोरांसारखं सुट्टीत घरी जायचं होतं. पाच तारखेला पोचवायला येतो.

विलास

◆

ताराबाई अध्यापक विद्यालय व सराव शाळा
मल्लेश्वरम
२१ ऑक्टोबर १९९४

चि. विलास व चि. सौ. चंपा यांस,
अनेक आशीर्वाद.

विद्यालय जोरात चाललंय, पण विद्यार्थ्याची दमछाक आहे. चाळीस मुली, प्रत्येकीला मधमाशीचा पाठ द्यायचाच. कृष्णातने आतापर्यंत मधमाशी एकतीस वेळा ऐकली. पाठ टाचणात मुलींना 'विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तर' आणि 'शिक्षकाने केलेली दुरुस्ती' असं लिहावं लागतं. हा चुकतच नाही! प्रांजली म्हणून एकजण ओक्साबोक्शी रडली. तेव्हापासून तो पाठाआधी बाईंना विचारून घेतो, "कुठे चुकू?" आणि तिथे बरोबर चुकतो. पाठ संपला की त्यांना सांगतो, आवाज स्वल्प मोठा काढा, मागच्या बाकाला ऐकू जात नाही. मागच्या बाकावर कुणीच नसतं. पण सांगतो ते बरोबर आहे, मुली सुधारतायत. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तुमच्याकडे पद्धती कोण शिकवतं? मी काय सांगणार!

तो आता स्वतःच्या मनाने पत्रही लिहितो. चंपाने सुट्टीत पाटीवर घेतलेला सराव वाया गेला नाही.

घोर एकच आहे. त्याला तिसरीचं सगळं आलंय, चौथीचंही. मार्चला वार्षिक परीक्षा, आणि आता पेपर खातं तपासतं, पूर्वीसारखं आम्ही ठरवून नापास करता येत नाही. पास झाला तर नियमाने नाव कमी करावं लागेल. मी त्याला काही सांगितलेलं नाही. आता मीच सराव शाळेची मुख्याध्यापिका, 'परीक्षेत मुद्दाम चूक' असं मी कसं सांगायचं?

प्रमोदिनीअक्का

◆

सराव शाळा, मल्लेश्वरम
२ एप्रिल १९९५

ती. काका आणि ती. काकू यांना,
कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी स्वतः लिहिले. मुग्धाबाईंनी फक्त पाकीट दिले.

आमची परीक्षा झाली. मधमाशीला पाय किती असा प्रश्न होता. मी दोन लिहिले. फुलपाखरालाही दोन लिहिले. गणितात सगळीकडे एक कमी लिहिला. मी नापास झालो. अक्का आधी रडल्या आणि मग शाबास म्हणाल्या. मुग्धाबाईंना निपाणीच्या शाळेत नोकरी लागली. जूनमध्ये नव्या चाळीस बाई येणार आहेत. त्यांना काही येत नसेल.

मोठे साहेब पुन्हा आले होते. मी म्हटले, सर, मागच्या वर्षी तुम्ही विचारले होते ते आता सांगतो. मला हेच व्हायचे आहे.

सुट्टी दहा तारखेला लागते. मला रस्ता पाठ आहे. निपाणीला उतरायचे, तिथून गडहिंग्लजची गाडी, काका असतात त्या खिडकीसमोर थांबते. मला एकट्याला येता येते.

पण न्यायला या.

आपला आज्ञाधारक,
कृष्णात